प्रश्न तुमचे : छातीचा फोटो कुणी वाचायचा?

गेल्या अंकात मी आमच्या कंपनीबद्दल लिहिलं होतं. पुण्यात अकरा वर्षं विमा कंपन्यांची सॉफ्टवेअर लिहिली, २०१८ साली नोकरी सोडली आणि एका रेडिओलॉजिस्ट मैत्रिणीबरोबर छातीचे एक्स-रे वाचणारा प्रोग्रॅम करायला घेतला, त्याची ती हकीकत. त्यावर आलेली पत्रं संपादकांनी माझ्याकडे पाठवली. सगळ्यांना उत्तर देण्याइतकी जागा नाही, म्हणून पाच निवडली. काही पत्रांत आजाराचा आणि घरातल्या गोष्टींचा उल्लेख आहे, त्यामुळे नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : माझं वय ३१. हिंजवडीत आठ वर्षं एका बँकेच्या प्रकल्पावर काम करतोय. गेल्या वर्षी मशीन लर्निंगचा, म्हणजे उदाहरणं दाखवून कॉम्प्युटरला शिकवण्याचा, कोर्स केला आणि मोफत मिळणारे छातीचे एक्स-रे वापरून घरच्या घरी आजार ओळखणारा प्रोग्रॅम, म्हणजे मॉडेल, तयार केलं. ते ९४ टक्के अचूक आहे. मित्राची आणि माझी मिळून २० लाखांची शिल्लक आहे. नोकरी सोडावी का? डॉक्टर भागीदार लागतोच का, की सल्लागार चालेल?
— एक वाचक, वाकड, पुणे

उत्तर : राजीनामा आत्ताच देऊ नका. पंधरा दिवसांची रजा टाका आणि तालुक्याच्या गावी एखाद्या एक्स-रे खोलीत परवानगी काढून बसा. मी हे उलट्या क्रमानं केलं आणि त्यात आमचं जवळजवळ वर्ष गेलं.

२०१९च्या पावसाळ्यातली गोष्ट. मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात आमचा प्रोग्रॅम पहिल्यांदा खऱ्या पेशंटच्या फोटोंवर चालवून पाहत होतो. उपचाराचा निर्णय डॉक्टरच घेत होते, आम्ही फक्त बाजूला बसून आमचं उत्तर काय येतं ते टिपत होतो. दुपारपर्यंत एक गोष्ट लक्षात आली. बायकांच्या फोटोंत फुप्फुसाच्या वरच्या टोकाला प्रोग्रॅमचा संशयाचा लाल ठिपका सारखा उमटत होता. टीबीला फुप्फुसाचा वरचा भाग आवडतो हे मी तोवर शिकले होते. त्यामुळे मला वाटलं, मशीनला नेमकं सापडतंय. तिथले टेक्निशियन निवृत्तीला आलेले होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते माझ्या मागं येऊन उभे राहिले, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, वेणी आहे ती."

तेल लावून घट्ट घातलेली वेणी खांद्यावरून पुढे आली की फोटोत फुप्फुसाच्या टोकावर दोरीसारखी सावली पडते. पुढच्या बाईला मामांनी सांगितलं, "माय, वेणी वर बांध. डोक्यावर घे पार." फोटो स्वच्छ आला, ठिपका नाही. मग त्यांनी मला एकेक दाखवायला सुरुवात केली. मंगळसूत्राच्या वाट्या. दंडावरचा ताईत. ब्लाउजची सेफ्टी पिन. श्वास पूर्ण न घेता काढलेला फोटो, ज्यात फुप्फुसाचा खालचा भाग उगाच दाट दिसतो. झोपवून काढलेला फोटो, ज्यात हृदय फुगल्यासारखं दिसतं. त्या दोन तासांत मी जे शिकले ते मला कुठल्याही कोर्समध्ये कुणी सांगितलेलं नव्हतं. आमच्या मॉडेलनं ज्या फोटोंवर शिक्षण घेतलं होतं ते परदेशातल्या मोठ्या रुग्णालयांतले होते. तेलाची वेणी त्यानं पाहिलेलीच नव्हती.

आता तुमच्या ९४ टक्क्यांबद्दल. तुम्ही फोटो कुठून घेतले ते लिहिलं नाहीत, पण घरी बसून शिकणारे बहुतेकजण अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं २०१७ साली खुला केलेला संच वापरतात, म्हणून त्याबद्दल लिहिते. त्यात १,१२,१२० फोटो आहेत आणि माणसं ३०,८०५. म्हणजे एकेका माणसाचे सरासरी तीनहून जास्त फोटो. तुम्ही फोटो पिसून काही शिकवायला आणि काही तपासायला ठेवले असतील, तर एकाच माणसाचे फोटो दोन्हीकडे गेलेत. मॉडेल आजार ओळखत नाही, माणूस ओळखतंय. वाटणी फोटोंची नको, माणसांची करा आणि आकडा पुन्हा काढून बघा.

त्या संचात आणखी एक अडचण आहे. कुठल्या फोटोत कोणता आजार हे एकेक फोटो बघून ठरवलेलं नाही. रेडिओलॉजिस्टनी लिहिलेल्या जुन्या रिपोर्टांतून एका प्रोग्रॅमनं ते शब्द वेचून काढले. फुप्फुसाबाहेर हवा साठून ते दबतं, त्या आजाराचे म्हणून जे फोटो त्यात आहेत, त्यातल्या पुष्कळ पेशंटच्या छातीत आधीच नळी घातलेली दिसते. उपचार होऊन गेलेले पेशंट ते! मॉडेल मजेत नळी ओळखायला शिकतं. आणि ज्याला खरी गरज आहे, जो धापा टाकत नुकताच दारात आलाय, त्याच्या छातीत नळी नसते.

२०१८ साली अमेरिकेतल्या तीन रुग्णालय समूहांच्या फोटोंवर न्यूमोनियाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मॉडेलला फोटो कुठल्या रुग्णालयातला आहे हे जवळजवळ अचूक ओळखता येत होतं, आणि जिथं न्यूमोनियाचे पेशंट जास्त तिथल्या फोटोंना ते झुकतं माप देत होतं. आपल्या घरच्या संचावर उत्तम चालणारं मॉडेल परक्या रुग्णालयात ढेपाळतं, ते यामुळे.

समजा तुमचा आकडा खरा निघाला. तरी अचूकता या शब्दापासून दूर राहा. हजार माणसांच्या शिबिरात दहाजण आजारी असतील, तर सगळ्यांना डोळे झाकून "निरोगी" म्हणणारा प्रोग्रॅमसुद्धा ९९ टक्के अचूक ठरतो. आता दुसरा हिशेब मांडा. तुमचं मॉडेल दहापैकी नऊ आजारी पकडतं आणि शंभरातल्या नव्वद निरोगी माणसांना बरोबर सोडून देतं. ऐकायला छान आहे. पण ९९० निरोगींपैकी ९९ जणांना ते उगाच थांबवतं. म्हणजे थांबवलेल्या १०८ माणसांत खरे आजारी नऊ. उरलेल्या ९९ जणांची थुंकी कोण तपासणार, त्यांची त्या दिवसाची मजुरी कोण देणार, आणि घरी जाऊन ते काय सांगणार? हा प्रश्न मला पहिल्या वर्षी पडलाच नव्हता. माझ्या भागीदार मैत्रिणीला तो पहिल्या दिवशी पडला होता.

म्हणून डॉक्टर भागीदार लागतोच. पत्रकावर नाव छापण्यापुरता सल्लागार नको. ज्याची कंपनीत तुमच्याइतकी हिस्सेदारी आहे आणि जो तुम्हाला "हे बाहेर काढायचं नाही" असं ठणकावून सांगू शकतो, असा हवा. आमच्यात यावरून दोनदा कडाक्याचं भांडण झालं आणि दोन्ही वेळा तिचं बरोबर होतं. ती म्हणायची, छातीचा फोटो संशय सांगतो, टीबी थुंकी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२१मध्ये पंधरा वर्षांपुढच्या माणसांसाठी अशा प्रोग्रॅमच्या वापराला मान्यता दिली, तीही संशयित वेगळे काढण्यापुरतीच. पक्कं निदान पुढच्या तपासणीनं करायचं. त्या तपासणीचं ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारं यंत्र गोव्यातल्या मोल्बिओ कंपनीचं आहे, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण आपल्याकडे असं काही होत नाही हे वाक्य मी फार ऐकलंय. मुंबईची क्युअर डॉट एआय २०१६ सालची आणि तिचा छातीचे फोटो वाचणारा प्रोग्रॅम आज अनेक देशांत चालतो. रक्ताचे नमुने वाचणारी सिगटपल २०१५ची, बंगळुरूची. वाट नवी नाही, लोक त्या वाटेनं गेलेत.

फोटोंवर खुणा करण्याचा खर्चही आधीच धरा. गुगलनं मधुमेहामुळे होणाऱ्या डोळ्याच्या पडद्याच्या आजारावर २०१६ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात १,२८,१७५ फोटो होते आणि एकेक फोटो तीन ते सात डॉक्टरांनी पाहिला होता. ५४ डॉक्टर त्यासाठी बसले. आणि एवढं करूनही पुढं थायलंडमधल्या ११ दवाखान्यांत तो प्रोग्रॅम नेला तेव्हा नर्सबाईंनी काढलेल्या १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के फोटो "नीट दिसत नाही" म्हणून त्यानं नाकारले. खोलीत अंधार पुरेसा नव्हता, इंटरनेट रखडत होतं, रांग वाढत होती. त्या नर्सबाईंच्या जागी मी आमच्या आशाताईंना बघते.

पैशाचं थोडक्यात. २० लाख परवाना आणि चाचण्या होईपर्यंत पुरणार नाहीत. जैवतंत्रज्ञानातल्या नव्या उद्योगांना मदत करणारी बायरॅक ही केंद्र सरकारची संस्था आहे, तिचं बिग नावाचं अनुदान आहे, ५० लाखांपर्यंत, दीड वर्षासाठी, आणि त्या बदल्यात कंपनीतला हिस्सा द्यावा लागत नाही. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातल्या व्हेंचर सेंटरमध्ये त्याची माहिती मिळेल. पवईला आयआयटीचं बेटिक हे वैद्यकीय उपकरणं घडवणारं केंद्र आहे, तिथं डॉक्टर आणि इंजिनिअर एका टेबलाशी बसतात. आमच्या कितीतरी चुका तिथं जाऊन बसल्यावर कळल्या असत्या.

पण आधी एक्स-रे खोली. वही घेऊन जा, लॅपटॉप नको.

प्रश्न : माझं पंधरा वर्षांपासून सोनोग्राफी आणि एक्स-रे सेंटर आहे. एका नव्या कंपनीची मुलं आली होती. जुने सगळे फोटो द्या, नावं काढून टाकू, प्रत्येक फोटोमागे पैसे देऊ म्हणतात. हार्ड डिस्क तशीच पडून आहे. द्यायला हरकत आहे का?
— एक डॉक्टर, लातूर जिल्हा

उत्तर : डॉक्टर, आहे त्या स्थितीत देऊ नका.

नाव काढणं वाटतं तितकं सोपं नसतं. फाइलच्या मथळ्यातलं नाव एका ओळीच्या प्रोग्रॅमनं जातं. पण कितीतरी जुन्या मशीनवर पेशंटचं नाव, वय आणि तारीख थेट चित्रातच कोरलेली असते, कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत. तो फोटोचा भाग होऊन बसतो. सोनोग्राफीत तर हे हमखास. आमच्याकडे एकदा एका सेंटरनं "नावं काढली आहेत" असं लिहून डिस्क पाठवली. पहिलाच फोटो उघडला तर कोपऱ्यात बाईचं पूर्ण नाव आणि गाव. आम्ही पुढची एकही फाइल न उघडता, न उतरवता, ती डिस्क त्यांच्या हातात परत नेऊन दिली. नाव गेलं तरी लहान गावात तारीख, वय आणि एखादा दुर्मीळ आजार एवढ्यावर माणूस ओळखू येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्या मुलांना दोन गोष्टी विचारा. तुमच्या संशोधनाला कुठल्या नैतिकता समितीची मंजुरी आहे? आणि पेशंटची संमती कशी घेणार, किंवा समितीनं त्यातून कोणत्या अटींवर सूट दिली आहे? आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, २०२३ साली आरोग्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्यात हे सगळं आहे. त्याच वर्षी व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. कागद दाखवायला ज्यांना जड जातं त्यांना फोटोही देऊ नयेत.

गर्भवतींच्या सोनोग्राफीचे फोटो या व्यवहारात आणूच नका. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा आपल्या महाराष्ट्रानं १९८८ साली केला, केंद्राचा पीसीपीएनडीटी कायदा १९९४चा. तुम्ही सोनोग्राफीच्या वेळी प्रत्येक गर्भवतीच्या नोंदीचा एफ फॉर्म भरता, त्यामागं काय इतिहास आहे हे तुम्ही जाणता. जो प्रोग्रॅम गर्भाचे हजारो फोटो बघून शिकतो, त्याला मुलगा-मुलगी ओळखायला कुणी मुद्दाम शिकवावं लागेलच असं नाही, आणि तो पुढं कुणाच्या मोबाइलवर जाईल याची हमी ती मुलं देऊ शकत नाहीत. माझ्या मते या विषयाला हात घालणाऱ्या कंपनीनं पहिल्या दिवसापासून या कायद्याखालच्या समुचित प्राधिकाऱ्याशी लेखी बोलूनच काम करावं. पैसा कितीही असला तरी.

देणंच झालं तर फक्त एक्स-रे, समितीच्या मंजुरीनंतर, आणि नावं काढायचं काम तुमच्या सेंटरमध्ये तुमच्या डोळ्यांदेखत.

प्रश्न : माझ्या मुलानं चांगली नोकरी सोडून दोन मित्रांबरोबर असलीच कंपनी काढली आहे. अडीच वर्षं झाली. विचारलं की म्हणतो, परवान्याचं काम चाललंय. पगार नाही. स्थळं येतात आणि नोकरी नाही म्हटल्यावर परत जातात. हे खरंच इतकं लांबतं, की तो आमच्यापासून काही लपवतोय?
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : काकू, इतकं लांबतं. तो खरं सांगत असण्याची शक्यता मोठी आहे.

१ एप्रिल २०२०पासून आपल्या देशात आजाराचं निदान करणारं सॉफ्टवेअर हेसुद्धा वैद्यकीय उपकरण धरलं जातं. रक्तदाबाचं यंत्र किंवा स्टेंट यांच्यासारखंच. धोक्याप्रमाणे ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत. पहिल्या दोन वर्गांचा परवाना राज्याकडून मिळतो, पुढच्या दोनांचा केंद्राकडून. अर्ज करण्याआधी ढीगभर कागद तयार करावे लागतात : प्रोग्रॅम काय करतो, कुठं चुकू शकतो, चुकला तर पेशंटचं काय होईल, ते टाळायला काय केलं, कुणी तपासलं. पूर्वीच्या नोकरीत मी दर पंधरा दिवसांनी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सोडायचे. इथं एक बदल करायचा तर आधी त्याचं कारण लिहायचं, मग धोका, मग चाचणी. सुरुवातीला मला हे जाच वाटायचं. नंतर एका फोटोत आमच्या प्रोग्रॅमनं एक गाठ सोडून दिलेली चाचणीत सापडली आणि तेव्हापासून तसं वाटलं नाही.

तरी तुम्ही त्याला एक गोष्ट विचारा. तुमचा प्रोग्रॅम आज कुठल्या दवाखान्यात, निदान चाचणीपुरता तरी, चालतोय का, आणि तिथले डॉक्टर काय म्हणतात? या प्रश्नाचं उत्तर तो डोळे चमकवून देऊ लागला, तर अजून थोडी कळ काढा. अडीच वर्षांत तो एकाही पेशंटच्या जवळ पोचला नसेल, तर त्यानं स्वतःसाठी एक तारीख ठरवावी. तिच्यापुढं नोकरी शोधायची. त्यात कमीपणा नाही, आमच्या बरोबर सुरू झालेल्या कितीतरी चांगल्या मुलांनी तसं केलं आणि आता मोठ्या रुग्णालयांत त्याच विषयावर पगारी काम करताहेत.

माझे वडील एसटीत होते. मी नोकरी सोडली तेव्हा त्यांनी किती पैसे मिळतील हे विचारलं नाही. माझ्या आत्याचा छातीचा फोटो तालुक्याला १९ दिवस पिशवीत पडून होता, कारण वाचणारे डॉक्टर आठवड्यातून एकदाच यायचे आणि दोन आठवडे आलेच नाहीत. तेवढ्यात तिचा आजार फार पुढं गेला. वडील एवढंच म्हणाले, "एकोणीस दिवसाचा एक दिवस होईल का?" मी हो म्हणाले. त्यांनी घराच्या हप्त्याला दोन वर्षं हातभार लावला. तुमच्या मुलाला घरून काय हवंय हे कदाचित पैशात नसेल. एकदा त्याच्याबरोबर जाऊन तो काय करतो ते बघून या.

स्थळांचं म्हणाल तर, या कामात काय आहे हे समजून घेणारी मुलगी भेटेपर्यंत थांबलेलं बरं. घाईनं जमवलेल्या लग्नात दोघांचेही हाल होतील.

प्रश्न : मी शिक्षक आहे. गावात टीबी तपासणीची गाडी आली होती. माझ्या फोटोवर मशीननं लाल डाग दाखवून "संशयास्पद" म्हटलं. मला १२ वर्षांपूर्वी टीबी झाला होता, पूर्ण उपचार घेतले. आता थुंकी तपासली, ती निगेटिव्ह आली. पण घरात माझं ताट-पेला वेगळा ठेवला आहे. मशीन चुकलं का? गोळ्या सुरू कराव्यात का?
— एक वाचक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : गुरुजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ताट-पेला आजच परत सगळ्यांच्या मांडणीत ठेवायला सांगा. टीबी खोकल्या-शिंकल्यातून हवेवाटे पसरतो. ताटातून, पेल्यातून, अंथरुणातून पसरत नाही. हे पान घरात सगळ्यांना वाचायला दिलंत तरी चालेल.

मशीननं जे पाहिलं ते बहुधा खरंच तुमच्या फुप्फुसावर आहे. टीबी बरा होताना आत व्रण ठेवून जातो, जशी गुडघ्याची जखम भरली तरी खूण राहते. फोटोत तो डाग जन्मभर दिसू शकतो. जुना व्रण आणि नवा आजार यांतला फरक एका फोटोवरून सांगणं अनुभवी डॉक्टरलाही कठीण जातं. ढाक्यामध्ये २३,९५४ लोकांवर पाच वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रोग्रॅम तपासून पाहिले होते. २०२१ साली तो अभ्यास आला. पाचही प्रोग्रॅम तिथल्या रेडिओलॉजिस्टपेक्षा सरस ठरले, पण वयस्कर लोकांत आणि आधी टीबी होऊन गेलेल्यांत पाचांचीही कामगिरी घसरली. म्हणजे तुमच्यासारख्यांच्या बाबतीतच.

आतली गोष्ट सांगते. मशीन खरं तर "आहे" किंवा "नाही" असं म्हणत नाही. ते एक आकडा देतं, शून्यापासून शंभरापर्यंत. कुठल्या आकड्यापुढं "संशयास्पद" म्हणायचं ती रेघ माणसं ओढतात. रेघ खाली ओढली तर आजारी सुटत नाहीत, पण तुमच्यासारखे पुष्कळजण थांबवले जातात. वर ओढली की उलट. शिबिरात ती खालीच ठेवतात, कारण सुटलेला एक पेशंट घरच्यांना आणि शेजाऱ्यांना आजार देत राहतो. आमच्या प्रोग्रॅममध्ये आम्ही आता "पूर्वी टीबी झाला होता का?" हा प्रश्न फोटोच्या आधी विचारतो. उत्तर "हो" असेल तर रिपोर्टवर ते ठळक छापलं जातं, म्हणजे वाचणाऱ्या डॉक्टरला जुना फोटो मागवायचं सुचतं. हे आम्हाला सुरुवातीपासून करायला हवं होतं.

गोळ्या स्वतःहून अजिबात सुरू करू नका. मशीनच्या सांगण्यावरून कुणी देत असेल तर त्याला डॉक्टरांची सही विचारा. टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून दुरून उपचार करण्याच्या, २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की असा प्रोग्रॅम डॉक्टरला मदत करू शकतो, पेशंटला सल्ला किंवा औषध देऊ शकत नाही. १२ वर्षांपूर्वीचा फोटो ट्रंकेत असेल तर शोधा आणि दोन्ही फोटो घेऊन सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना भेटा. डाग जिथल्या तिथं, तेवढाच असेल तर त्यांना निर्णय घेणं सोपं जाईल. पुन्हा तपासायचं की नाही तेही तेच सांगतील. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, थुंकीत रक्त, यातलं काही असेल तर निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबून घरी बसू नका.

प्रश्न : ताई, मी बारावीत आहे, मराठी माध्यमातून शिकले. मला डॉक्टरही व्हायचंय आणि तुमच्यासारखं कॉम्प्युटरचं कामही करायचंय. नीट द्यावी की जेईई? आणि मराठी माध्यमामुळे अडेल का?
— एक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : पेशंटशी बोलायला, त्यांना तपासायला मन ओढत असेल तर नीट दे. कोडं सुटेपर्यंत रात्रभर बसायला आवडत असेल तर जेईई. दुसऱ्या बाजूचं नंतर शिकता येतं. माझी भागीदार पस्तिशीत प्रोग्रॅमिंग शिकली आणि फुप्फुसाचे भाग मी चौतिसाव्या वर्षी पाठ केले. पण कुठंही गेलीस तरी संख्याशास्त्र सोडू नकोस. वर पहिल्या उत्तरात १०८ आणि नऊचा हिशेब आहे, तो वहीवर स्वतः मांडून बघ. तुला तो जमेल, आणि तो न मांडता कंपनी काढणारी मोठी माणसं मी पाहिली आहेत.

मराठीनं सुरुवातीला थोडं अडतं, पहिलं वर्ष इंग्रजी पुस्तकं जड जातात. मग सवय होते. आणि पुढं मराठीच कामाला येते. संमतीपत्राचा मराठी मसुदा आमच्या ऑफिसात सात वेळा लिहिला गेला. पहिला इतका अवघड होता की सही करणाऱ्या आजीनं विचारलं, "बाळा, ही जमिनीची कागदं नव्हेत ना?" सातवा मसुदा आमच्या सगळ्यात लहान सहकारी मुलीनं लिहिला, जी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली होती. तोच अजून चालू आहे.

तिनंच आमच्या तपासणीच्या गाडीतल्या स्क्रीनवरच्या सूचनाही मराठीत केल्या. फोटो काढायच्या आधी टेक्निशियनसमोर मोठ्या अक्षरांत चार ओळी येतात आणि त्यांवर खूण केल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मामा निवृत्त होऊन आता लेकीकडे राहतात. पहिली ओळ त्यांची आहे : "वेणी वर बांधली का?"